डी-टेस्ट पॉझिटिव्ह म्हणजे काय? स्टॅफच्या जनुकांची उघडझाप

पू तपासणीचा अहवाल हातात आला की बहुतेक जण एवढंच बघतात, कुठल्या औषधापुढे ‘एस’ आहे आणि कुठल्यापुढे ‘आर’. एस म्हणजे औषध लागू पडेल, आर म्हणजे पडणार नाही. पण कधी कधी खाली एक जादा ओळ असते: ‘डी-टेस्ट पॉझिटिव्ह’. आणि क्लिंडामायसिन या औषधापुढे ‘आर’ लिहिलेलं असतं. गंमत अशी की त्याच जीवाणूवर ते औषध एकटं ठेवून पाहिलं, तर प्रयोगशाळेत त्याची वाढ छान थांबलेली दिसते. मग आर का लिहिलं? रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या पट्ट्यात प्रयोगशाळेचं काम करताना हा प्रश्न मला डॉक्टरही विचारतात आणि पेशंटच्या घरचेही. उत्तर थोडक्यात असं की त्या जीवाणूजवळ औषधाला हरवणारं जनुक आहे, फक्त ते सध्या बंद आहे. कधी उघडायचं ते जीवाणूला कळतं, आणि ते कसं कळतं हे समजलं की अहवालातल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

आधी जीवाणूची ओळख. स्टॅफिलोकॉकस ऑरियस, बोलण्यात नुसता स्टॅफ. करट, केसतूड, गळू, पिकलेली जखम, ऑपरेशनचा चिघळलेला टाका, या सगळ्यांमागे बहुतेक वेळा हाच असतो. ॲबर्डीनचे सर्जन अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी 1880 च्या सुमारास पुवात सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे घोस पाहिले. तीन-चार निरोगी माणसांत एकाच्या नाकात तो एरवीही राहतो आणि काही करत नाही. कातडी फाटली की मात्र आत शिरतो. आपल्याकडे कातडी फाटायला निमित्तं भरपूर: जाळं ओढताना कापलेला तळहात, कोळंबी निवडताना बोटात गेलेला काटा, जांभ्या दगडावर सोलवटलेला गुडघा, त्यावर पावसाळ्याची दमट हवा. स्टॅफ हाडापर्यंत, रक्तापर्यंत, हृदयाच्या झडपेपर्यंत पोचला, की तिथे तो जीव घेऊ शकतो.

या एवढ्याशा जीवाणूजवळ सुमारे अडीच हजारांवर जनुकं असतात. जनुक म्हणजे एखादं प्रथिन कसं बनवायचं याची डीएनएमध्ये लिहिलेली कृती. ही सगळी जनुकं एकाच वेळी चालू नसतात, कारण प्रत्येक प्रथिन बनवायला ऊर्जा लागते आणि काही प्रथिनं नको तेव्हा बनली तर जीवाणूच्याच वाढीच्या आड येतात. कोकणात पडवीला नारळाच्या झापांचा आडोसा मिरगाच्या तोंडावर बांधतात, बारा महिने ठेवत नाहीत. ठेवला तर पाऊस नसतानाही घरात उजेड आणि वारा यायचा बंद होतो. औषधाला तोंड देणाऱ्या बऱ्याच जनुकांचं तसंच असतं. गरज असताना ती जीव वाचवतात, एरवी ओझं होतात. म्हणून ज्या जीवाणूंना ती वेळेवर चालू आणि वेळेवर बंद करता आली, ते पुढे टिकले.

जनुकं अशी चालू-बंद होतात याचं पहिलं नीट स्पष्टीकरण पॅरिसमधल्या फ्रांस्वा जेकब आणि जाक मोनो यांनी 1961 साली मांडलं, आणि 1965 साली त्यांना नोबेल मिळालं. त्यांचा जीवाणू वेगळा होता, ई. कोलाय. पण गाभा तोच: जनुकाच्या सुरुवातीला डीएनएवर एक प्रथिन चिकटून बसतं आणि जनुक वाचू देत नाही. त्याला रिप्रेसर म्हणतात. बाहेरून ठरावीक संकेत आला की रिप्रेसर सुटतो आणि जनुक वाचलं जातं.

स्टॅफने पेनिसिलिनला कसं हरवलं ते याच पद्धतीने समजतं. 1928 साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या ताटलीत पेनिसिलिन बनवणाऱ्या बुरशीभोवती जे जीवाणू वाढेनासे झाले होते, ते स्टॅफच होते. पेनिसिलिन हे औषध म्हणून वापरात आलं 1940 च्या दशकात, आणि ते दशक संपता संपता लंडनच्या एका रुग्णालयात निम्म्याहून अधिक स्टॅफ त्याला दाद देत नव्हते. या जीवाणूंकडे ‘ब्ला-झेड’ नावाचं जनुक असतं. त्यातून बनणारं एन्झाइम पेनिसिलिनचा रेणू मधोमध तोडतं. एरवी हे जनुक ‘ब्ला-आय’ नावाच्या रिप्रेसरने दाबून ठेवलेलं असतं. जीवाणूच्या आवरणात आरपार बसलेलं तिसरं एक प्रथिन असतं, ‘ब्ला-आर-वन’. त्याचं एक टोक बाहेर, एक आत. बाहेरच्या टोकाला पेनिसिलिन चिकटलं की आतलं टोक कात्रीचं काम सुरू करतं आणि रिप्रेसर कापला जातो. काही मिनिटांत एन्झाइम बनायला लागतं. म्हणजे आपण मारायला पाठवलेलं औषध हेच जीवाणूला जाग आणणारा संकेत ठरतं.

हे प्रयोगशाळेत डोळ्यांना दिसतं. जीवाणूंचा पातळ थर दिलेल्या ताटलीवर पेनिसिलिनची कागदी चकती ठेवायची. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती जीवाणू न वाढलेलं मोकळं वर्तुळ मिळतं. पेनिसिलिन खरंच लागू पडत असेल तर वर्तुळाची कडा विरत गेलेली असते, जीवाणू हळूहळू विरळ होत जातात. एन्झाइम बनत असेल तर वर्तुळ असतं, पण कडा एकदम तुटलेली, टोकदार, आणि काठावर जीवाणूंची दाट रांग. तंत्रज्ञ पहिलीला पुळण आणि दुसरीला उभा कडा म्हणतात, आणि जगभरच्या प्रयोगशाळांच्या नियमावलीत हीच दोन नावं आहेत. नुसतं वर्तुळ मोजून ‘एस’ लिहून टाकलं तर फसायला होतं, म्हणून कडा बघितल्याशिवाय पेनिसिलिनचा निकाल देत नाहीत.

पेनिसिलिनला तोडणाऱ्या एन्झाइमला दाद देणार नाही असं मेथिसिलिन 1959 साली आलं, आणि 1961 साली पॅट्रिशिया जेव्हन्स यांनी इंग्लंडमधून त्यालाही न जुमानणारे स्टॅफ नोंदवले. तेच आजचे एमआरएसए. यांची युक्ती वेगळी. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं जीवाणूची भिंत बांधणाऱ्या प्रथिनांना चिकटून त्यांचं काम थांबवतात. एमआरएसएजवळ ‘मेक-ए’ हे जनुक असतं, आणि त्यातून भिंत बांधणारं असं जादा प्रथिन बनतं ज्याला ही औषधं नीट चिकटतच नाहीत. मूळ प्रथिनं बंद पडली तरी भिंतीचं काम चालू राहतं.

‘मेक-ए’वरही रिप्रेसर असतो, ‘मेक-आय’. तो अखंड असेल तर जनुक इतकं सावकाश उघडतं की मेक-ए असूनही जीवाणू मेथिसिलिनला नमतोय असं वाटू शकतं. रुग्णालयांत फिरणाऱ्या बऱ्याच एमआरएसएमध्ये हा रिप्रेसर मोडलेला सापडतो, आणि मग मेक-एचा ताबा पेनिसिलिनवाल्या झटपट उघडणाऱ्या ब्ला-आयकडे जातो. अशा जीवाणूंना औषधांच्या गर्दीत फायदा झाला, म्हणून ते पसरले. याच कारणाने एमआरएसए ओळखायला मेथिसिलिनची चकती वापरतच नाहीत. सेफॉक्सिटिनची 30 मायक्रोग्रॅमची चकती ठेवतात, कारण सेफॉक्सिटिन मेक-ए जनुकाला जास्त चांगलं जागं करतं. वर्तुळ 21 मिलिमीटर किंवा त्याहून लहान आलं की एमआरएसए. अहवालात सेफॉक्सिटिन बघून ‘हे इंजेक्शन द्यायचं का?’ असं लोक विचारतात. ते उपचारासाठी नसतं, जनुक उघडतंय का ते पाहायला ठेवलेलं असतं.

आता डी-टेस्ट. माझ्या मते संपूर्ण अहवालातली ही सगळ्यात बोलकी चाचणी आहे, आणि ती करायला दोन कागदी चकत्यांपलीकडे काही लागत नाही.

ताटलीवर जीवाणूंचा थर दिला की एरिथ्रोमायसिनची 15 मायक्रोग्रॅमची चकती आणि क्लिंडामायसिनची 2 मायक्रोग्रॅमची चकती शेजारी शेजारी ठेवायच्या. मधलं अंतर 15 ते 26 मिलिमीटर. ताटली 35 अंशांवर 16 ते 18 तास. (पावसाळ्यात रात्री वीज गेली आणि इन्व्हर्टर पुरला नाही तर सगळं पहिल्यापासून. अहवाल एक दिवस उशिरा आला तर तंत्रज्ञावर रागावण्याआधी हे लक्षात असू द्या.) चाचणी पॉझिटिव्ह असेल तर सकाळी ताटली उजेडाकडे धरली की एरिथ्रोमायसिनच्या चकतीपर्यंत जीवाणू अगदी चिकटून वाढलेले असतात, म्हणजे ते औषध गेलं कामातून. क्लिंडामायसिनभोवती मात्र मोठं स्वच्छ वर्तुळ. आणि या वर्तुळाची एरिथ्रोमायसिनकडची बाजू सपाट झालेली, इंग्रजी डी अक्षरासारखी. बाकी तिन्ही बाजूंना हरलेले जीवाणू त्या एका बाजूने क्लिंडामायसिनच्या अंगावर चालून आलेले दिसतात. कारण त्याच बाजूला एरिथ्रोमायसिन झिरपत आलेलं असतं आणि त्याने त्यांचं जनुक उघडलेलं असतं.

हे जनुक म्हणजे ‘अर्म’. ते उघडण्याची तऱ्हा पेनिसिलिनपेक्षा निराळी आहे, आणि मला तरी ती थक्क करते. इथे रिप्रेसर नाही. जनुकाची नक्कल, म्हणजे संदेश-आरएनए, थोडीफार आधीच तयार असते. पण ती स्वतःवरच अशी दुमडलेली असते की एन्झाइमची कृती जिथून वाचायची ती जागा घडीत झाकली जाते. प्रथिनं बनवणारं यंत्र, रायबोसोम, तिथे बसूच शकत नाही. घडीच्या आधी मात्र एक छोटीशी कृती उघडी असते, जेमतेम 19 अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनाच्या माळेतल्या 19 मण्यांची. औषध नसेल तर रायबोसोम ती भराभर वाचून निघून जातो आणि घडी तशीच राहते.

एरिथ्रोमायसिन रायबोसोममधल्या ज्या बोगद्यातून नवं प्रथिन बाहेर पडतं, त्या बोगद्यात बसतं. असा औषध अडकलेला रायबोसोम ती छोटी कृती वाचायला लागतो आणि नवव्या अमिनो आम्लापाशी अडून बसतो. तो नेमका तिथे अडल्यामुळे पुढची घडी सुटते. झाकलेली जागा उघडी पडते, आणि ज्याला अजून औषध लागलेलं नाही असा दुसरा रायबोसोम तिथे बसून एन्झाइम बनवतो. हे एन्झाइम रायबोसोमच्याच आरएनएमधल्या एका ठरावीक जागी, 2058 क्रमांकाच्या ॲडेनिनवर, मिथाइल गट चिकटवतं. आता एरिथ्रोमायसिनला बसायला जागा उरत नाही. क्लिंडामायसिनचीही जागा जवळपास तीच, म्हणून तेही बाद होतं.

क्लिंडामायसिनला स्वतःला ही घडी सोडवता येत नाही. म्हणून एकटं क्लिंडामायसिन ठेवलं की जीवाणू बेसावध राहतो आणि औषध लागू पडल्यासारखं दिसतं. विस्कॉन्सिन विद्यापीठातले बर्नार्ड वाइसब्लम आणि त्यांचे सहकारी यांनी एरिथ्रोमायसिनमुळे जागा होणारा हा प्रतिकार 1970 च्या आसपास उलगडून दाखवला.

मग पेशंटला नुसतं क्लिंडामायसिन दिलं तर बिघडलं कुठे? एरिथ्रोमायसिन कुणी देतच नाहीये. बिघडतं ते असं. मोठ्या गळवात किंवा हाडातल्या पुवात जीवाणू कोट्यवधी असतात, आणि त्यांतल्या एखाद्याच्या अर्म जनुकाची ती घडीच आपोआप मोडलेली असू शकते. त्याचं एन्झाइम कायम चालू. एरवी हा जीवाणू मागे पडला असता, कारण मिथाइल चिकटलेला रायबोसोम काही प्रथिनं नीट बनवत नाही. पण क्लिंडामायसिनने बाकीचे सगळे अडवले की मैदान त्याला एकट्याला मोकळं. पहिले काही दिवस ताप उतरतो, सूज ओसरते, आणि मग उपचार चालू असतानाच दुखणं उलटतं. डी-टेस्ट पॉझिटिव्ह असूनही क्लिंडामायसिनने बरे झालेले पेशंट आहेत, विशेषतः पू नीट काढून टाकला असेल तर. पण हाडाच्या किंवा रक्तातल्या संसर्गात हा धोका पत्करावा असं कुणी म्हणणार नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. एरिथ्रोमायसिनला ‘आर’ असलेला प्रत्येक स्टॅफ अर्मवाला नसतो. काहींजवळ औषध बाहेर फेकणारा पंप असतो, आणि तो क्लिंडामायसिनला हात लावत नाही. अशा वेळी डी-टेस्ट निगेटिव्ह येते आणि क्लिंडामायसिन बिनधास्त वापरता येतं. स्वस्त, गोळीतून मिळणारं, हाडापर्यंत पोचणारं औषध उगाच हातचं जायला नको, म्हणूनही ही चाचणी करायची.

आता अझिथ्रोमायसिन. तीन दिवसांच्या तीन गोळ्या, आपल्याकडे सर्दी-खोकल्याला सर्रास घेतल्या जातात. हे औषध एरिथ्रोमायसिनच्याच कुळातलं. सर्दी विषाणूमुळे होते, तिच्यावर या गोळ्यांचा उपयोग शून्य. पण नाकात राहणाऱ्या स्टॅफला त्या पोचतात, आणि अर्म बाळगणाऱ्यांचं फावतं, बाकीचे मरतात. गणपतीत चाकरमानी गावाला येतात तेव्हा प्रवासाच्या पिशवीत अशी उरलेली पाकिटं हमखास असतात. घरात एकाला पडसं झालं की काकी दुसऱ्याला देतात, दुसरा शेजारच्या वहिनींना. सगळं प्रेमापोटी. पण त्या पाकिटावर लाल उभी रेघ असते ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका हे सांगायलाच. पुढे त्यांच्यातल्याच कुणाचं करट चिघळलं तर क्लिंडामायसिन आधीच हातचं गेलेलं असू शकतं. म्हणून डॉक्टर विचारतील तेव्हा गेल्या दोन-तीन महिन्यांत घेतलेल्या गोळ्यांची नावं सांगा, मागून घेतलेल्यासुद्धा. नाव आठवत नसेल तर रिकामं पाकीट घेऊन जा.

‘म्याडम, पू कित्याक तपासतास? गोळी देवा, मी जातंय,’ असं बंदरावरचे लोक म्हणतात. त्यांचं चुकीचं नाही. एक दिवसाची बोट चुकली तर त्या दिवसाचे पैसे बुडतात, आणि अहवालाला दोन-तीन दिवस लागतात. साध्या लहान करटाला तपासणी लागतही नाही. डॉक्टर छेद देऊन पू काढतात आणि बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. पण करटं पुन्हा पुन्हा येत असतील, ताप असेल, मधुमेह असेल, घरात दुसऱ्यालाही झालं असेल, तर नमुना द्याच. तो औषधाचा पहिला डोस घेण्याआधी द्यायचा. वरवर पुसलेल्या कापसाच्या बोळ्यापेक्षा सिरिंजने ओढलेला पू कधीही चांगला. आणि एक वेगळी गोष्ट, पण किनाऱ्यावर राहणाऱ्याला माहीत असलीच पाहिजे: समुद्राच्या पाण्यात झालेली जखम काही तासांत काळीनिळी पडून फोड आले आणि असह्य ठणका लागला, तर तो स्टॅफ नसून व्हिब्रिओ हा समुद्राच्या पाण्यातला जीवाणू असू शकतो. तिथे अहवालाची वाट बघत बसायचं नाही, लगेच मोठं रुग्णालय गाठायचं. यकृताचा आजार किंवा मधुमेह असेल तर आणखी घाई करायची.

इथवर जे सांगितलं ती थेट औषधाने उघडणारी जनुकं. स्टॅफमध्ये आणखी एक यंत्रणा आहे जी औषधाकडे नाही, आपल्या भाऊबंदांच्या संख्येकडे बघते. तिचं नाव ‘एजीआर’. प्रत्येक जीवाणू सात ते नऊ अमिनो आम्लांचा एक छोटा रेणू बाहेर सोडत असतो. गर्दी वाढली की हा रेणू साचतो, आवरणातल्या एका प्रथिनाला चिकटतो, आणि शेकडो जनुकांचा कारभार बदलतो. चिकटून राहायला लागणारी प्रथिनं कमी होतात, ऊती फोडणारी विषं वाढतात. गळू ‘पिकतं’ त्यात याचा मोठा वाटा.

एजीआर गप्प असेल तर उलट घडतं. जीवाणू चिकटून राहतात आणि स्वतःभोवती चिकट थर विणतात, बायोफिल्म. सलाइनची नळी, बदललेला गुडघा, हाडात बसवलेली पट्टी, पेसमेकर, अशा ठिकाणी हा थर बसतो. आतले जीवाणू जवळपास वाढणं थांबवून असतात, आणि बरीचशी प्रतिजैविकं वाढणाऱ्या जीवाणूंनाच मारतात. त्यामुळे होतं काय, की अहवालात सगळीकडे ‘एस’, औषध अगदी बरोबर, तरी ताप परत येतो. इथे जीवाणूजवळ प्रतिकाराचं एकही जनुक नसलं तरी चालतं. ‘औषध बदला’ म्हणून पेशंटचे नातेवाईक डॉक्टरांच्या मागे लागतात, पण अशा वेळी खरा इलाज बहुधा ती नळी किंवा पट्टी काढणं हा असतो.

शेवटी व्हँकोमायसिन, एमआरएसएवरचं जुनं भरवशाचं इंजेक्शन. 1996 साली जपानमध्ये हृदयाचं ऑपरेशन झालेल्या एका तान्ह्या बाळाच्या जखमेत असा एमआरएसए सापडला ज्याच्यावर ते पुरेसं चालत नव्हतं. केइची हिरामात्सू यांच्या गटाने तो 1997 साली जगापुढे आणला. या जीवाणूने बाहेरून कुठलं नवं जनुक उचललेलं नव्हतं. पेशीभिंतीचा कारभार चालवणाऱ्या नियंत्रक जनुकांतच अधल्यामधल्या अक्षरांचे बदल झाले होते. परिणाम असा की भिंत जाड झाली, आणि व्हँकोमायसिन आत पोचण्याआधी भिंतीच्या बाहेरच्या थरांतच अडकून पडायला लागलं. 2002 साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये मात्र खरंखुरं नवं जनुक उचललेला स्टॅफ सापडला. ते ‘व्हॅन-ए’ एन्टेरोकॉकस नावाच्या दुसऱ्याच जीवाणूकडून आलेलं होतं, आणि तेही व्हँकोमायसिनची चाहूल लागल्यावरच उघडतं.

जाड भिंतीचे हे जीवाणू कागदी चकतीला कळत नाहीत. व्हँकोमायसिनचा रेणू मोठा, ताटलीत तो नीट पसरत नाही. म्हणून स्टॅफच्या अहवालात या औषधापुढे नुसतं ‘एस’ न लिहिता वेगळ्या पद्धतीने काढलेला आकडा असतो, एका मिलिलिटरमध्ये किती मायक्रोग्रॅम औषधाने वाढ थांबली तो. 2 किंवा कमी असेल तर ‘एस’, 4 ते 8 मधलं, 16 आणि वर ‘आर’. आकडा 2 आहे, इंजेक्शनं चालू आहेत, आणि ताप हटत नाही, अशा वेळी डॉक्टर पुन्हा रक्त घ्यायला सांगतात. ‘परवाच तर घेतलं होतं’ म्हणून नकार देऊ नका. परवाच्या रक्तातला जीवाणू आणि आजचा जीवाणू एकाच वंशाचे असतील, पण मधल्या काळात नियंत्रक जनुकांत बदल होऊन औषध कमी चालायला लागलंय का, ते नवीन नमुन्यातूनच कळतं.